तळाला लाल

प्रिय बंटी,

प्रिय लिहिलंय कारण शाळेत पत्राला तसंच शिकवलेलं. मनात काय आहे ते पुढे वाचशीलच. फोन केला तर तू तुझ्या आईंच्या हातात देतोस. व्हॉईस मेसेज टाकला तर स्पीकरवर लावून सगळ्या आळीला ऐकवतोस आणि हसतोस. पत्र तुला एकट्यालाच वाचावं लागेल. अक्षर लागलं नाही तर परत वाच, मी पण अडखळत अडखळतच लिहितेय.

सान्वी बरी आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. काल पेज खाल्ली, माझ्या आईच्या कोंबडीमागे रांगत फिरली. पण तिचा हात तोंडाकडे गेला की मी आधी तो धरते. दर वेळी तळवा उघडून बघते, लाल आहे का म्हणून.

तुझं एकच, होडीच्या तळाला लाल. बाळकुमला खाडी होती तेव्हा ठीक होतं. खाऱ्या पाण्यात तळाला शिंपल्या चिकटतात, होडी जड होते, म्हणून तो औषधवाला लाल मारायचा, की चिकटणारा जीव मरावा. हे मला तूच सांगितलेलंस, लग्नाआधी, कोलशेतच्या धक्क्यावर, काय ती ऐट! मग खाडीची वाट बिल्डिंगींनी बंद केली आणि आपण होडी टेम्पोत घालून टिटवाळ्याला नदीवर आलो. गोडं पाणी. इथे तळाला शिंपली नाही, नुसतं शेवाळ धरतं, काथ्याने घासलं की निघतं. रंगवाल्याने तुझ्या तोंडावर सांगितलं, नदीला बिनऔषधाचा रंग चालतो. तर तू त्यालाच बोललास, आमच्या दादांनी जन्मभर हाच लावला. अरे, तुझे वडील जन्मभर खाडीत होते! आणि ज्या पाण्यात होडी बांधतोस त्याच पाण्यात मी भांडी घासते, पोरीला आंघोळ घालते, हे तुझ्या डोक्यात कधी आलं?

रंगवाल्याकडे बिनऔषधाच्यात काळा होता. काळा म्हटल्यावर आई माझ्या अंगावर धावून आल्या. लाल म्हणजे होडीचं कुंकू, काळा तळ म्हणजे विधवा होडी, माझ्या पोराला मारायला निघालीस का गं, सगळ्यांसमोर बोलल्या. ज्या वर्षी लाल मिळाला नाही आणि दादांनी डांबर मारलं त्याच वर्षी ते गेले, मला माहीत आहे. त्यांचं दुःख मी खोटं म्हणत नाही. पण तू तिथे उभा होतास आणि दात काढत होतास. माझी बायको कंपनीत इंजिनियर आहे, रंग तिला विचारून लावतो, असं बोललास. पोरं हसली. मी सातवी पास आहे, बंटी. पण डब्यावरचं कवटीचं चित्र कळायला सातवी पण लागत नाही.

मग तू मशीन आणून जुना लाल सुकाच घासलास. दारातच. मी सांगत होती, दारापासून, नदीपासून लांब ने, ओला करून घास, तोंडाला फडकं बांध. तू इयरफोन घातलास. धूळ तांदळावर बसली, वाळत घातलेल्या दुपट्यांवर बसली. मी दुपटी परत धुवायला मोरीत गेली, तेवढ्यात सान्वी रांगत उपड्या होडीखाली गेली. सावलीची जागा, तिला आवडायचीच. बाहेर आली तेव्हा दोन्ही हात लाल, ओठ लाल. आई हसल्या, बयेने कुंकू खाल्लं बोलल्या. आणि तू फोटो काढलास. आधी फोटो काढलास.

कल्याणला दवाखान्यात डॉक्टर विचारत होते, नक्की काय खाल्लं, आणि पोरगी उलट्या करून माझ्या खांद्यावर लुळी पडलेली. मी पिशवीतून रंगाचा डबा काढून टेबलावर ठेवला. तू बाहेर चहा पीत होतास. डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं आणि तू मला बोललास, डबा कशाला आणलास, इज्जत घालवलीस. दवाखान्याच्या बाकड्यावरच मी ठरवलं, पोरीला घेऊन कोलशेतला माहेरी जायचं.

आता दसरा आलाय. होडी पूजायची, पाण्यात उतरवायची, गणपतीच्या देवळात आलेल्या लोकांना फिरवायचं. आणि तू सकाळपासून वल्ही शोधत असशील. पोटमाळा बघितला असशील, शेजारी विचारलं असशील, आईंनी शिव्या घातल्या असतील. वल्ही माझ्याकडे आहेत. शेजारच्या सर्वेशदादाच्या टेम्पोत घालून कोलशेतला आणली, त्यासाठीच हे पत्र. आणि वल्ह्यांशेजारी एक डबा आहे. इथल्या दुकानात मी विचारलं, बिनऔषधाच्यात लाल येतो का. येतो. आईंचं कुंकू राहील, पोरीचा जीव पण राहील. मला हसत बसण्यापेक्षा हे तुला विचारता आलं असतं. तळावर उरलेला लाल आधी मी सांगितलं तसा साफ कर, दारापासून आणि पाण्यापासून लांब, मग डबा न्यायला ये. नाही जमलं तर वल्ही मिळणार नाहीत, आम्ही पण नाही. आणि होडीवर मोठ्या अक्षरात ‘सान्वी’ लिहून घेतलंयस ना, ते नाव आधी पूस. खाली विष आणि वर माझ्या लेकीचं नाव, असं मी चालू देणार नाही.

तुझीच, पण अजून किती दिवस ते तू ठरव,
शिवानी