रद्दीत गुंडाळलेल्या दोन पट्ट्या

ता. ३, सोमवार
भाऊजींकडून पार्सल आलं. धाकटीच्या लॅपटॉपसाठी मेमरीच्या पट्ट्या दोन — एक मोठी, एक छोटी. पैसे त्यांनी सांगितल्याप्रमाणे मागेच पाठवले होते, २,४००. पार्सल सोडवायला वर ६०. चिठ्ठी — नाही. दोन्ही पट्ट्या रद्दीत गुंडाळून पाठवल्या! दुकानात लोकांचे अर्ज टाइप करून देतात, त्यातलाच कुणाचा तरी वाया गेलेला कागद. सख्ख्या वहिनीला दोन ओळी लिहायला हात दुखतो. कागद मात्र पाठीमागून कोरा आणि चांगला जाड. फेकवला नाही. खळ लावून वहीत डकवला; हे त्यावरच लिहिते आहे.

ता. ४, मंगळवार
ह्यांनी चष्मा पुसून लॅपटॉप उघडला. आतली जुनी पट्टी काढली, आलेल्या दोन्ही बसवल्या. कशा बसवायच्या ते एकदा कुणाला विचारा म्हटलं, तर म्हणे, "दोन खोबणी, दोन पट्ट्या. यात विचारायचं काय?" चालू झाला. देवाला हात जोडले.

ता. ६, गुरुवार
धाकटीची सराव परीक्षा. विसाव्या मिनिटाला पडदा निळा, मग काळा. पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. तीनदा! खरी परीक्षा बुधवारी, घरूनच, ह्याच लॅपटॉपवर. मध्येच बंद पडला तर पेपर बाद. गेल्या खेपेस दोन गुणांनी गेली. पुढच्या वर्षी वय बसत नाही. पोरगी रडली नाही. दार लावून घेतलं. रडली असती तर बरं वाटलं असतं.

ता. ७, शुक्रवार
दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने पाठ उघडली आणि हसला. दोन पट्ट्यांचा वेग निराळा, शेजारी शेजारी बसवल्या की हे मशीन गोंधळतं, मोठी एकटी पुरे आहे, असं म्हणाला. छोटी काढून माझ्या तळहातावर ठेवली. लेबल झिजलेलं, कडेला धूळ.

"ह्या पट्ट्या कुणी दिल्या, बाई?"

दिरांनी, म्हटलं.

"मग घरचाच माल."

चारचौघांत तोंड उतरलं माझं. वापरलेली पट्टी! एवढे पैसे घेऊन वर स्वतःकडची अडगळ खपवली. वाटण्या झाल्या तेव्हाही चांगली कपाटं कुणाकडे गेली, मी विसरलेले नाही. छोटी पट्टी बटणांच्या डब्यात टाकली. रागातसुद्धा चालती वस्तू केरात जात नाही माझ्या हातून, हेही एक दुखणंच.

ता. ८, शनिवार
भाऊजींचा फोन. ह्यांना उचलू दिला नाही.

ता. ९, रविवार
पुन्हा फोन. पुन्हा नाही. दुपारी नणंदेला सगळं सांगितलं — सख्ख्या पुतणीच्या परीक्षेतही ह्या माणसाने नफा काढला. आता नात्यात सगळीकडे होईल. होऊ दे! संध्याकाळी माळ घेऊन बसले, तर मण्यागणिक भाऊजीच. हे म्हणाले, एकदा विचारून तर बघ. विचारायचं काय? डब्यातली पट्टीच सांगतेय सगळं.

ता. १२, बुधवार
पेपर झाला. तीन तास लॅपटॉपने हूं की चूं केलं नाही. धाकटी किती दिवसांनी पोटभर जेवली. देवाची कृपा. भाऊजींची नव्हे.

ता. १७, सोमवार
खळ वाळून ता. ३ चं पान सुटलं. पुन्हा डकवायला उलटं केलं. टाइप केलेली पहिलीच ओळ — "वहिनींस नमस्कार."

"मोठी पट्टी नवी आहे, ती एकटीच बसवा. छोटी माझ्या लॅपटॉपमधली. नवीने ऐन वेळी दगा दिला तर पोरीचा पेपर अडू नये, म्हणून काढून पाठवतो आहे. दोन्ही एकत्र मात्र लावू नका. पेपर झाला की परत पाठवा. तोवर माझं मशीन बंद, म्हणजे दुकानही बंद. निघतील तेवढे दिवस."

नणंदेला सगळं खरं सांगितलं.

पाठवलेल्या कार्डाची नक्कल:

भाऊजी, पट्टी आज रजिस्टर टपालाने पाठवली आहे. तुमचं पत्र मी आज वाचलं. दुकान उघडलं की उलट टपाली कळवा. फोन करू नका. मला बोलता येणार नाही.