धुराड्यावरचं झाकण

३ ऑक्टोबर
चर्चच्या पाळकसाहेबांनी बोलावलं. म्हणाले, तुमच्या तरुण वर्गाचा गोंगाट माझ्या खोलीपर्यंत येतो. महिनाअखेरपर्यंत पोरं ताळ्यावर आली नाहीत तर वर्ग तुमच्या मेव्हण्याकडे. मेव्हणा गिटार वाजवतो. बाकी त्याचं कशात काही नाही.
संकल्प: वर्गात शांतता आणणे. मेव्हण्याशी प्रेमाने वागणे. उद्यापासून.

५ ऑक्टोबर
शरद उपक्रम: मिशनच्या आवारातली पानं झाडणे. पोरांनी मोठा ढीग केला, मग त्यात उड्या मारल्या. पानं पुन्हा आवारभर. पालथ्या घड्यावर पाणी. मी पायरीवर बसून श्रमाच्या महत्त्वावर बोललो. खराटा फोटोपुरता धरला.

८ ऑक्टोबर
थंडी. वर्गातली कोळशाची शेगडी सुरू. मी नरकावर बोलत होतो आणि नेमकं धुराडं वाऱ्याने कुत्र्यासारखं विव्हळलं. शिवाय त्यातून ओंजळभर पानं खाली पडली. पोरं हसून लोळली. सगळ्यांत मोठ्याने खार हसली. खार म्हणजे माझ्या मेव्हणीची मुलगी. दातांवरून नाव पडलंय. घरचीच, त्यामुळे बोलायची सोय नाही.

१० ऑक्टोबर
उपाय सापडला. निखारे बाहेर फुलवून आत आणायचे, म्हणजे धूर नाही. धूर नाही तर धुराडं कशाला? शिडी लावून त्यावर पिंपाचं झाकण ठेवलं, वर दोन विटा. खिडक्यांच्या फटींत जुनी मासिकं कोंबली. बायको खालून म्हणाली, उतरा, हात दाखवून अवलक्षण नको. शिडी मात्र तिनेच धरली होती.

१२ ऑक्टोबर
रिझल्ट लगेच. तासाच्या शेवटी सगळी पोरं माना खाली घालून बसलेली. प्रार्थना सुरू नव्हती तरी. माझी बोलण्याची शैली सुधारली असावी.

१५ ऑक्टोबर
आणखी शांत. खार म्हणाली, काका, डोकं दुखतंय. पापाची जाणीव आधी डोक्यातच होते. बायको वर्गात पेटी वाजवते, तिचंही दुखतं. म्हणाली, या खोलीत काहीतरी आहे. मी म्हटलं, आहेच, आत्मा आहे. ती म्हणाली, मग त्याच्यासाठी तरी खिडकी उघडा.
उघडली नाही.

१९ ऑक्टोबर
एक पोरगा बाहेर जाऊन ओकला. उपदेश पचायला जडच असतो. बोलताना मला स्वतःला दिव्याभोवती सोनेरी कडं दिसलं, पाय हलके झाले. दृष्टांतच म्हणायचा. नम्र राहायला हवं. बाहेर हवेत आलो आणि दृष्टांत गेला.
बायकोने पेटी वाजवणं सोडलं. त्या खोलीत पाय ठेवणार नाही म्हणाली. श्रद्धा कमी.

२२ ऑक्टोबर
मेव्हणीची तक्रार. पोरगी वर्गातून येते ती पांढरीफटक, जेवत नाही. मी म्हटलं, उपासाकडे ओढ दिसते. मेव्हणा शेजारीच होता. म्हणाला, दाजी, ही पोरं इतकी शांत बसली तर मी आधी डॉक्टरला बोलवीन. मत्सर. प्रेमाने वागलो, म्हणजे उत्तर दिलं नाही.

२५ ऑक्टोबर
उद्या पाळकसाहेब वर्ग बघायला येणार. प्लॅन: शेगडी दुप्पट भरायची. दाराला आतून कडी, व्यत्यय नको. विषय: जागे राहा.

२७ ऑक्टोबर, मिशनचा दवाखाना
काल पाळकसाहेबांना मानाची जागा दिली, शेगडीजवळची. थोड्याच वेळात त्यांची हनुवटी छातीवर. वाटलं, विरघळले. खार बाकावरून घसरून खाली गेली. वाटलं, गुडघे टेकतेय. पुढचा शब्द मला आठवेना. बायको दार वाजवत होती. मी आतूनच म्हटलं, थांब.
मग खिडकीतून खराट्याचा दांडा आत आला. काच फुटली. हात घालून तिने खिडकी उघडली, मेव्हणा आत उडी मारून आला, कडी काढली. दोघांनी एकेकाला ओढून बाहेर पानांवर निजवलं. मलाही.
डॉक्टर म्हणाले, निखाऱ्यांच्या विषारी हवेला ना रंग ना वास, आणखी थोडा वेळ गेला असता तर. मग खारीच्या खाटेकडे वळले.
खार सगळ्यांत शेवटी शुद्धीवर आली. तोवर मी तिचा बूट हातात धरून बसलो होतो. भीती वाटली. अशी जन्मात वाटली नव्हती. बायको शेजारी बसून माझ्या कोटावरची पानं वेचत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

३ नोव्हेंबर
वर्ग मेव्हण्याकडे. निरोप घ्यायला गेलो. झाकण काढलेलं, खिडक्या सताड उघड्या, पोरं कोट घालून बसलेली, धुराडं विव्हळतंय, एकाचं एकाला ऐकू येत नाही. खारीला बाजूला घेऊन विचारलं, त्या दिवसांत मी शिकवलेलं काही आठवतं का. तिने खरंच आठवून पाहिलं. म्हणाली, काका, एक शब्द नाही. पण झोप काय लागायची.

९ नोव्हेंबर
आवारातली पानं आता माझ्याकडे. खराटाही, या वेळी खराच. पोरांनी ढिगात उड्या मारल्या, मी परत झाडलं.
संध्याकाळी वर्ग भरतो. मेव्हण्याची गिटार सुरात नाही, हे माझं मत कायम आहे. गोंगाट फाटकापर्यंत येतो. मी झाडता झाडता ऐकत असतो. मध्येच थांबला की खराटा टाकून खिडकीशी जातो.