सत्तावीस नंबरचा बॉक्स

११ नोव्हेंबर २०१३

आज नऊ बॉक्स झाले. दहावा अर्धाच राहिला, लाईट गेली. लाईटचं काम करणारी माणसं लाईट नाही म्हणून हात बांधून बसली!

चाळीस बॉक्सची ऑर्डर आहे. किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलची, नाताळसाठी. बागेतल्या माडांना खालपासून वरपर्यंत दिव्यांच्या माळा, आणि त्या एकामागून एक पेटत-विझत जाणार. ते सगळं चालवणारं कार्ड या करड्या बॉक्समध्ये असतं. कार्ड तयार येतं. माझं काम वायरी आत घेणं, नंबर लावणं, अर्थिंगची वायर जोडणं आणि पाण्याचा थेंब आत जाणार नाही असं बंद करणं. खाणीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं हजार हजार किलोच्या मोटारी जोडल्या. आता माडाला बांधायच्या माळा. खाण बंद पडली नसती तर... जाऊ दे.

लिहायला बसलं की मराठी येते, बोलताना कोंकणी. शाळेत तसंच शिकलो. बोलणं हल्ली फारसं होत नाही, म्हणून लिहितो.

१३ नोव्हेंबर

आज दिवसभरात माझ्याशी बोललेली माणसं : पाव विकणारा पोदेर. “उंडे किती?” मी म्हटलं, “दोन.” संपलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

तनयाचा फोन. पुण्याहून दर रविवारी करते, अकराच्या सुमारास, नेमाने. “बाबा, जेवण नीट करता ना?” म्हटलं, करतो. “नार्व्याला जाऊन आलात?” म्हटलं, आलो.

खोटं! नार्व्याचं आपलं घर शेवटचं उघडलं त्याला सहा महिने झाले. तनयाची आई, तारा, गेल्यावर पहिलं वर्ष कसंबसं काढलं तिथे. मग दत्तप्रसादने धारगळच्या त्याच्या वर्कशॉपमध्ये काम दिलं, हायवेपासून थोडं आत ही खोली मिळाली, आणि मी बसचं निमित्त करून इथेच राहिलो. रोज नार्वे-डिचोली-म्हापसा-धारगळ करणं या वयात जमत नाही असं सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे तिथल्या स्वयंपाकघरात उभं राहणं जमत नाही.

फोन तीन मिनिटांचा. ठेवल्यावर आठवलं, तिला काहीतरी विचारायचं होतं. काय ते आठवलं नाही.

२२ नोव्हेंबर

सहाच्या जागी आठ नंबरची वायर लावली. भाग्यलक्ष्मीने पकडलं.

ती माझ्या शेजारच्या बाकावर बसते. खानापूरकडची. नवरा दीपक बांधकामावर गवंडी आहे. पोरगी हुशार, हात सफाईचा. मी तिला पोरगी म्हणतो, असेल तिशीची. “काका, चष्मा बदला की ओ!” म्हणाली. मी उखडलो. तू कालची आलेली, मला शिकवतेस? असं काहीसं बोललो.  दुपारी तिने डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली, वर शेंगदाण्याची चटणी. खाल्ली. माफी मागायला हवी होती. मागितली नाही.

चष्म्याचं तिचं खरंच आहे.

३० नोव्हेंबर

भाग्यलक्ष्मीला ताप. दुपारी घरी गेली. तिचे पाच बॉक्स उरले होते, टेम्पो दारात उभा. दत्तप्रसाद म्हणाला, “कृष्णनाथबाब, तेवढे तुम्ही बंद करून टाका.” केले. ज्याने बॉक्स बंद केला त्याच्या नावाची चिठ्ठी झाकणाच्या आत चिकटवायची असते. तिने पाचही चिठ्ठ्या सकाळीच चिकटवून ठेवल्या होत्या. त्या काढत बसलो नाही.

पाठ भरून आली आहे.

७ डिसेंबर

सगळे चाळीस बॉक्स हॉटेलात लागले. दत्तप्रसादने मोबाईलवर फोटो दाखवले. माड निळे, मग पांढरे, मग निळे. तारा असती तर म्हणाली असती, बिचाऱ्या माडांना झोप कशी येणार?

१३ डिसेंबर

डिसेंबरात पाऊस! सकाळपासून धो धो. पत्र्यावर इतका आवाज की वर्कशॉपमध्ये कुणी बोललं नाही, आणि एक दिवस तरी मी इतरांसारखाच गप्प होतो.

१४ डिसेंबर

हॉटेलातून फोन आला. सकाळी बागेतला माळी बॉक्सच्या लोखंडी खांबाला धरून वाकला आणि करंट लागून चिकटला. दुसऱ्याने लाकडी कदेल, खुर्ची, मारून त्याला सोडवला. जिवंत आहे. म्हापशाला इस्पितळात नेला. नाव सगुण, पार्सेचा.

दत्तप्रसादचा चेहरा पांढराफटक. 

१६ डिसेंबर

बॉक्स परत आला. सत्तावीस नंबर. दत्तप्रसादने सगळ्यांसमोर उघडला. आत बोटभर पाणी. अर्थिंगच्या हिरव्या वायरच्या टोकाचा लग बोल्टवर नुसता बसवलेला, नट बोटाने फिरवला तर फिरतोय. पान्याने आवळलेलाच नाही! हॉटेलचं वीज तोडणारं सुरक्षेचं बटणसुद्धा पडायला हवं होतं, पडलं नाही, ते त्यांचं ते बघतील. पण अर्थिंग आमचं होतं.

झाकणाच्या आत चिठ्ठी : भाग्यलक्ष्मी.

ती म्हणाली, “मी आवळल्याशिवाय बॉक्स सोडत नाही ओ. एकसुद्धा सोडत नाही.” पुन्हा पुन्हा तेच. मग रडायला लागली. दत्तप्रसाद म्हणाला, “एक माणूस मरता मरता वाचला. उद्यापासून येऊ नको.”

मला त्याच क्षणी आठवलं. त्या दिवशी पाना तिच्या बाकावर होता. मी पाचही नट आधी बोटाने बसवले, म्हटलं सगळे एकदम आवळू. मग टेम्पोवाल्याने हॉर्न मारला. पाना चार बॉक्सवर फिरला. पाचव्यावर फिरल्याचं आठवत नाही, कारण तो फिरलाच नाही.

तिने निघताना माझ्याकडे पाहिलं. तापाचा तो दिवस तिच्या काय, दत्तप्रसादच्याही ध्यानात आला नसावा. मी खाली बघून वायरी सोलत राहिलो.

कृष्णनाथ, तू गप्प राहिलास. इथे तरी लिही. गप्प राहिलास.

१७ डिसेंबर

तिचा बाक रिकामा. चटणीची लहान डबी विसरून गेली आहे.

१८ डिसेंबर

दुपारी सुट्टी घेऊन म्हापशाला गेलो. काय करणार होतो माहीत नाही. वाटेत केळी घेतली.

सगुण चाळिशीचा असेल. किरकोळ अंगाचा, हसरा. उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला. बायको सुमंगला उशाशी बसली होती. “तुमी खंयचे?” तिने विचारलं. म्हटलं, धारगळचा, अपघाताचं ऐकलं म्हणून आलो. हॉटेलचा कुणी असेन असं तिला वाटलं. मी तसं वाटू दिलं.

तो बोलत सुटला. काजूची कलमं बांधण्यात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा नाही, असं तिने मध्येच सांगितलं. तो म्हणाला, “आता हाच हात!” आणि हसला. दोन बोटांना अजून स्पर्श कळत नाही. डॉक्टर म्हणतात, बघू.

मी उठलो तेव्हा म्हणाला, “फाल्यां येतले?”

म्हटलं, उद्या येतो.

२० डिसेंबर

काल जमलं नाही. आज गेलो तर त्याची तक्रार, “काल कित्याक येवंक नाय? वाट बघून डोळे दुखले.” हॉटेलातून कुणी फिरकत नाही. भाऊ एकदा येऊन गेला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा ऐकू न येणारा.

कलम कसं बांधायचं ते त्याने मला डाव्या हाताने, केळ्याची साल घेऊन शिकवलं. मी खाणीतल्या गोष्टी सांगितल्या. एकदा मोटर उलटी फिरून सगळा खनिजाचा पट्टा उलटा धावला होता ती. इतका हसला की नर्स ओरडली. सुमंगलाने घरून आणलेली पेज मलाही दिली.

किती महिन्यांनी कुणीतरी माझी वाट पाहत होतं! बसमध्ये चक्क गुणगुणत होतो. धारगळचा फाटा आला आणि आठवलं, मी कोण आहे ते.

२२ डिसेंबर, रविवार

तनयाला सांगितलं, एक मित्र झाला आहे. “मित्र? बाबा, तुम्हाला?” इतकी खूश झाली! नाव विचारलं, काय करतो विचारलं, मोसमात कलमं मागवू म्हणाली. पंधरा मिनिटं बोललो. ताराच्या मागे इतकं कधी बोललो नव्हतो.

त्याचा हात कुणामुळे बांधला आहे, तेवढं सांगितलं नाही.

२३ डिसेंबर

सकाळी हायवेवर दीपक भेटला. भाग्यलक्ष्मीला आणखी दोन ठिकाणी विचारलं, पण जिथे जाईल तिथे गोष्ट आधीच पोचलेली. “ती झोपत नाही ओ काका,” म्हणाला. “उठून बसते, म्हणते, मी खरंच विसरले असेन का? तुम्ही शेजारी होता. तुम्हाला काय वाटतं?”

म्हटलं, बस चुकेल. आणि पळालो. साठीला आलेला माणूस, पळालो!

२४ डिसेंबर

सांगितलं.

सकाळी सगळे आल्यावर उभा राहिलो. सत्तावीस नंबर मी बंद केला, तीस तारखेला, ती तापाने घरी गेल्यावर. नट मी सोडला.  दत्तप्रसाद अगदी हळू म्हणाला, “आठ दिवस, कृष्णनाथबाब?” ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने तिथल्या तिथे दीपकला फोन लावला, तिला परत बोलावलं. मला म्हणाला, “तुम्ही आता घरी जा.” पाना बाकावर ठेवला आणि निघालो.

तिथून इस्पितळात. संत्री घेतली होती. सगुणला उद्या घरी सोडणार, म्हणून तो आनंदात. मी उभ्यानेच सांगितलं. बसलो असतो तर बोलता आलं नसतं.

 त्याने बांधलेल्या हाताकडे पाहिलं, मग जनेलातून बाहेर बघू लागला. सुमंगलाने संत्र्यांची पिशवी उचलून माझ्या हातात दिली.

“हें घेवन वचात.” घेऊन निघालो.

बस कोलवाळच्या पुलावर आली तेव्हा दिवेलागण झाली होती. घराघरावर नाताळची नक्षत्रं, दिव्यांच्या कागदी चांदण्या, चर्चवर माळा. कुठल्या माळा आमच्या बॉक्सवरच्या ते मला लांबून कळतं. सगळ्या नीट चालू होत्या.

२५ डिसेंबर

घरमालकाने केक आणि दोदोलच्या वड्या पाठवल्या. पिशवीतली संत्री तशीच.

२९ डिसेंबर, रविवार

फोन वाजला. उचलला नाही. पुन्हा वाजला. पुन्हा नाही.

२ जानेवारी २०१४

खोली सोडली. सामान दोन पिशव्यांत मावलं.

निघताना भाग्यलक्ष्मी आली. कामावर परत घेतलं आहे तिला. मला वाटलं, आभार मानायला आली. ती म्हणाली, “काका, त्याच दिवशी का बोलला नाही?”  म्हटलं, भ्यालो. तिने मान हलवली. “मी पण भ्याले की. पण माझ्याकडं गप्प बसायला जागा नव्हती.” मग माझी एक पिशवी उचलून बसपर्यंत आली. बस सुटेपर्यंत थांबली नाही.

नार्व्याला पोचलो. कुलूप गंजलेलं, तेल घालून उघडलं. स्वयंपाकघरात गेलो. उभा राहिलो. जमलं. ताराच्या आठवणीची जागा आता सत्तावीस नंबरने घेतली आहे.

५ जानेवारी, रविवार

तनयाला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. नार्व्याला जात नव्हतो तेही. ती रडली. मग म्हणाली, “बाबा, मित्राचं नाव तरी खरं सांगितलं होतंत ना?” म्हटलं, हो. सगुण.

९ जानेवारी

कुणी नाही. नदीवर जाऊन बसलो. फेरीबोट चार वेळा गेली-आली.

१४ जानेवारी

दुपारी फाटकाशी सगुण. एकटाच, तीन बस बदलून, विचारत विचारत आला. दोन बोटं अजून ताठ. मी जाऊन फाटक उघडलं.

म्हणाला, “राग आसा माका. तो जावचो नाय. पण घरात बसून कंटाळलो.”

चहा दिला. तासभर बसला, फार बोलला नाही. उठताना पाठमोराच म्हणाला, “आयतवारी पार्सेला या. सुमंगला तुमच्याशी बोलायची नाही. तरी या.”