अण्णाच्या नावानंतर

सोनपेठ, कार्तिक वद्य पंचमी, फसली १३५१

वंशावळ म्हणणारा हेळवी आज थोरल्या भावाच्या, अण्णाच्या ओसरीवर आला होता. पणजोबा, आजोबा, वडील म्हणत अण्णापर्यंत आला आणि घंटा वाजवून थांबला. मी समोरच बसलेलो.

"आन् माझं नाव?"

"मालक, तुमी लहानपणीच दत्तक गेलात. तुमचं नाव मी पाथरीच्या घराण्यात म्हणतो."

पाथरीचं दुकान, जमीन, सगळं माझं. अण्णाकडं हाय काय? वडिलांच्या नावानंतरची जागा. आणि तो तर ऐकतही नव्हता, हेळव्याच्या बैलाला कडबा टाकत होता. लय जळफळाट झाला.

पुन्हा म्हणायला लावलं. अण्णाच्या नावानंतर घंटा वाजली. त्या आवाजात माझं नाव मीच पुटपुटून घेतलं.