शांत जागा

४ सप्टेंबर, सोमवार
शाळेची चिठ्ठी. भिंगरीने बाईंच्या हाताला चावा घेतला. महिनाअखेरपर्यंत वागण्यात फरक नाही पडला तर शाळेतून नाव कमी. भिंगरी म्हणजे ताईची लेक, वय सात. ताई हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात दुपारपाळीला, भावोजी ट्रकवर. दुपारनंतर पोरीला बघणार मी. ताई म्हणाली, तू तरी घरीच असतोस. हे 'तरी' लागलं. कॉलेज मी सोडलंय, कॉलेजने मला नाही. वर्गात खुर्ची हातून निसटली. खिडकीपर्यंत निसटली, एवढंच.
संकल्प: उद्यापासून राग बंद.

५ सप्टेंबर, मंगळवार
राग परवापासून. आज भिंगरीने ताट फेकलं, मी मोबाइल.
संध्याकाळी दवाखान्याच्या वरच्या खोलीत पालकांचा वर्ग. पोरं हाताबाहेर गेलेल्या घरांसाठी, फुकट, मंगळवार-शुक्रवार. ताईला रजा नाही, म्हणून नाक मुरडत मी गेलो. शिकवणारी माझ्याहून फार तर दोन वर्षांनी मोठी. हल्ली चालतं. सगळ्या बाया तिला ताई म्हणतात. मी म्हणणार नाही. मला एक सख्खी आहे, कोटा पूर्ण.
ती म्हणाली, मूल अनावर झालं की त्याला शांत जागा द्यायची, दोन मिनिटं. पुढेही बरंच सांगितलं. पण तेव्हा ती बाहीवरचा खडू झटकत होती.

६ सप्टेंबर
एका खोलीच्या घरात शांत जागा कुठून आणणार? बाथरूम. कडी बाहेरून. दोन मिनिटं म्हणून ठेवलं आणि तिचा नंबर कसा मिळवावा या विचारात पडलो. वीस झाली. आतून लाथा, किंकाळ्या. समोरच्या काकू विचारायला आल्या. ट्रेनिंग चालू आहे म्हटलं.

८ सप्टेंबर, शुक्रवार
घरी भरायचा तक्ता दिलाय. दोन रकाने: मूल किती वेळा चिडलं, मोठं माणूस किती वेळा ओरडलं. पहिल्यात प्रामाणिकपणे अकरा. दुसऱ्यात दोन. (माझा आवाज मुळातच मोठा आहे, त्याला ओरडणं म्हणत नाहीत.) चहावाल्याच्या बायकोच्या पोराचे तीन, तर तिला टाळ्या. मला नुसती मान हलवून सहानुभूती. मला सहानुभूती नकोय.

१२ सप्टेंबर, मंगळवार
अकराचे सात केले. ती हसली. गालाला खळी पडते, डावीकडे.

१५ सप्टेंबर, शुक्रवार
चार. सगळ्यांदेखत म्हणाली, मामांची मेहनत दिसते. मामा! नात्याची बाजू चुकली, पण सुरुवात झाली. येत्या आठवड्यापासून ती घरोघर भेटी देणार आहे. संकल्प: भिंतीला रंग, दाढी, रागाला कायमचा रामराम.
काल रागाच्या भरात कपाटाचं दार उखडलं. ते तसंही ढिलं होतं.

१८ सप्टेंबर
पद्धत फळाला आली. भिंगरी रडत नाही. मी नुसता आवाज चढवला की आपण होऊन बाथरूममध्ये जाते, दार ओढून घेते आणि मी कडी घालायची वाट बघते. आत काही आवाज नाही. काकू म्हणाल्या, पोर हल्ली ऐकूच येत नाही, बरी आहे ना? आवाज आला तरी यांना त्रास, नाही आला तरी त्रास.
तिने नखं रक्त येईपर्यंत कुरतडलीत. मी तिच्या बोटांना पट्ट्या लावल्या. कागद कापताना लागलं असं ताईला सांगितलं. ताईने भिंगरीकडे बघितलं. भिंगरीने माझ्याकडे.

१९ सप्टेंबर, मंगळवार
शून्य आणि शून्य. टाळ्या. मग ती म्हणाली, तुमच्या घरी भेटीची गरजच उरली नाही, ती वेळ दुसऱ्या घराला देते. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. शाळेला मात्र कळवणार आहे की मुलगी घरी उत्तम वागते. म्हणजे ताईचं काम झालं, माझंच बिनसलं.
शुक्रवारी आकडा पाचवर नेणे.

२१ सप्टेंबर, गुरुवार
शाळेतून फोन. मधल्या सुट्टीत भिंगरीने पहिलीतल्या एका मुलीला खेळाच्या सामानाच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. मारलं नाही, ओरडली नाही. दाराशी उभी राहिली. सुट्टी संपली, पुढचा तास संपला, तरी उभीच. काढली तेव्हा त्या लहानगीला धड श्वास घेता येत नव्हता. दवाखान्यात नेलंय. वाचली म्हणाले.
मी शाळेत पोचलो. ताई कामावरून तशीच आली, ओल्या हातांनी. वर्गातली तीही आली होती, माझे तक्ते घेऊन. मुख्याध्यापिका म्हणाल्या, घरी शून्य आणि इथे हे, म्हणजे पोरगी मुद्दाम करते, आम्ही ठेवून घेणार नाही. ताई हात जोडायला लागली. ती मात्र भिंगरीसमोर खाली बसली आणि हळूच विचारलं, उघडणार कधी होतीस?
भिंगरी सरळ म्हणाली, "दोन मिनिटं झाल्यावर. मामाची दोन मिनिटं."
मी खुलासा करणार होतो. वर्गात हेच शिकवलं होतं, असा.
ती उठली. म्हणाली, "दार उघडं ठेवायचं असं सांगितलं होतं मी. आणि मोठ्या माणसाने शेजारी बसायचं."
हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

२२ सप्टेंबर
बाथरूमची बाहेरची कडी ताईने स्क्रू काढून काढली. मदत करू का विचारलं. नको म्हणाली. मी ओरडलो नाही. कोणी मोजत नव्हतं.

२९ सप्टेंबर, शुक्रवार
नाव कमी झालं. दुसरी शाळा घेईल की नाही, पुढच्या महिन्यात कळेल. ताईने पाळी बदलून घेतलीय, पगार कमी करून. खरा तक्ता तीच भरते. मी डोकावलो तर दुसऱ्या रकान्यात माझ्यासाठी वेगळी ओळ आखलेली.
वर्गातल्या तिच्या भेटी आजपासून सुरू झाल्या. अट एकच: तेवढा वेळ मामा घरात नको.
पाच वाजता जिन्यात बसलो होतो. भेट संपवून तिघी खाली उतरल्या. ती मान वळवून निघून गेली, ठीक आहे. ताई थांबली नाही, तेही ठीक. मी पाय आखडून घेतले, भिंगरीला म्हटलं, जा गं. ती भिंतीला पाठ घासत, माझ्यावरची नजर न काढता, आडवी आडवी उतरली.
जिना अरुंद आहे, म्हणून असेल.
मागच्या महिन्यात याच जिन्यातून आम्ही कपाट वर चढवलं होतं.