यंत्राच्या मनगटाला लागलेली आपली खोड

ताईस,

नमस्कार शेवटी करीन, आधी भांडते. आईच्या घड्याळाच्या पट्ट्यात दोन कड्या जास्तीच्या घालायला तुला कोणी सांगितलं होतं? तुझं मनगट जाड, मान्य. पण घड्याळ माझ्याकडे देताना कड्या काढून नको द्यायला? तुझ्या त्या दोन कड्यांपायी आमच्या कारखान्यात लाखमोलाचा यंत्राचा हात गरगर फिरून बंद पडला आणि माझी जागा जायची वेळ आलीय. (तुझी कंबर कशी आहे? गोळ्या घेतेस ना? बरं.)

तुला माहीत आहे, तोंडाला लावायच्या क्रीमच्या डबीत वर जो भोवरा असतो तो मी काढते. एकवीस वर्षं. पळी टेकवायची, मनगट फिरवायचं, उचलायची. आता तेच काम शिकायला हा हात आलाय. खांदा, कोपर सगळं आहे, पण खरा जीव मनगटात. तिथं तीन सांधे. एक पळी गोल फिरवतो, एक वाकवतो, एक मागून अख्खं मनगट वळवतो. इंजिनियर (पोरगेलाच आहे, स्वतःच्या बुटाची नाडी सुटलेली कळत नाही) म्हणाला, मावशी, याचं मनगट धरा आणि तुम्ही करता तसं करून दाखवा, हा लक्षात ठेवतो. मी धरलं. गार, पण आडमुठं नव्हतं. नेईन तिकडं येत होतं.

मग मी बाजूला झाले आणि ते एकटं करायला लागलं. ताई, काय सांगू. दुपारची वेळ, खिडकीतून ऊन आलेलं, पांढऱ्या डब्या ढगांसारख्या सरकतायत आणि माझा हात माझ्याशिवाय चाललाय. मी हात मागं बांधून बघत राहिले, जेवायची घंटा झालेली कळली नाही. आणि प्रत्येक डबीनंतर ते मनगट एक झटका देत होतं. ढिलं होऊन घसरलेलं घड्याळ वर सारायचा माझा झटका! घड्याळ नाही, कातडी नाही, तरी झटका.

अकराव्या डबीला घोळ झाला. इंजिनियरनं समजावलं ते असं. एकाच जागी पळी टेकवायला मनगट दोन तऱ्हांनी ठेवता येतं, वरच्या अंगाला वाकवून किंवा खालच्या. यंत्राला आधी एक तऱ्हा नेमून द्यावी लागते. माझा झटका वरून खाली जातो, आणि मधे मनगट क्षणभर जवळजवळ सरळ होतं; दहा डब्यांना थोडक्यात निभावलं, अकरावीला अगदी सरळ झालं. सरळ झालं की पळी फिरवणारा पुढचा आणि मनगट वळवणारा मागचा सांधा एका रेषेत येतात, दोघांचं काम एकच होतं. मग दारात अडलेल्या दोन जावांसारखं, तू हो पुढं, नाही तू हो. शेवटी दोघी एकदम धावल्या, भोवरा माझ्या कपाळावर.

आता शुक्रवारी पुन्हा शिकवायचंय. झटका आला तर मला खाली खोकी बांधायला पाठवणार आणि बाहेरून दुसरी बाई आणणार. साहेब म्हणतात झटका काढून टाका. इंजिनियर हळूच म्हणाला, मनगट एकाच अंगाला वाकलेलं ठेवून झटका दिलात तर अडणार नाही, राहू दे तो.

घरी सगळ्यांना विचारलंय म्हणून सांग. हा घे नमस्कार.

तुझी धाकटी

ता.क. खरं सांगते. कड्या मी मागच्याच वर्षी काढून आणल्या. घड्याळ घट्ट बसतं. झटका घड्याळाचा नाहीच.

ता.क. दुसरा. आई इस्त्री करताना दर कपड्यानंतर झटका द्यायची. मी टेबलाखाली बसलेली, मला नुसतं कोपर दिसायचं आणि घड्याळाची खळखळ ऐकू यायची. तू समोर उभी राहून घड्या घालायचीस. तिचं मनगट वरच्या अंगाला वाकलेलं असायचं की खालच्या? डोळे मिटून नीट आठव, उगाच ठोकून देऊ नकोस. गुरुवारच्या आत उत्तर पाहिजे.