कोल्ह्याची विश्रांती

३ फेब., मंगळ.
कॉम्प्युटर आला. गोंदियाहून अर्जुनीपर्यंत गाडीत खोक्यावर हात ठेवून बसले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, सब कुछ डाल दिया है." खरंच सब कुछ. पडद्यावर बावीस चिन्हं. पत्रिका जुळवणारं, लग्नाची कार्डं छापणारं, फोटोत तोंड गोरं करणारं, पत्त्यांचे तीन खेळ. मराठी लिहायचं तेवढं नाही. विचारलं तर म्हणे, हिंदी है ना, एकच आहे. असल्या माणसाला दुकान कोण काढून देतं?

५ फेब., गुरु.
सकाळभर कॉम्प्युटरमधला कचरा काढला. एक सॉफ्टवेअर म्हणे लिहिलेल्याच्या जुन्या प्रती आपोआप जपून ठेवतं. जुन्या प्रतींचं काय लोणचं घालायचंय? तेही गेलं. नितीनने पुण्याहून फोनवर सांगून मराठी टायपिंग घालून दिलं. "आई, अगदी सोपं आहे," तीनदा. पोरगा समजतो, आई शाळेतून रिटायर झाली म्हणजे मठ्ठ झाली.

७ फेब., शनि.
जाऊबाई दुपारी येतात, काहन्या सांगतात, आपल्या बोलीतल्या जुन्या गोष्टी. मी टाइप करते. २६ ला नागपूरला त्यांच्या गळ्याचं ऑप. नंतर आवाज राहील का, यावर डॉ. हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. एवढं शिकून हेच आलं त्याला. मोबाइलवर रेकॉर्ड करू म्हटलं, तर भडकल्या. "आवाज भरून ठेवाले मी मरून राह्यली का?" मग टायपिंगच. मला भीती वाटते. त्यांच्यासमोर दाखवत नाही.

१६ फेब., सोम.
चौदा झाल्या. पडद्यावर नुसत्या लाल रेघा. 'काऊन'खाली रेघ, 'डोरा'खाली रेघ. यंत्राला 'का' समजतं, काऊन नाही; डोळा समजतो, डोरा समजत नाही. नितीनजवळ कुरकुर केली. म्हणाला, बघतो.

२१ फेब., शनि.
बघितलं त्याने. पुण्यात बसून माझ्या पडद्यात शिरला, भाषा सुधारणारं काहीतरी बसवलं. "आई, एका क्लिकमध्ये सगळं शुद्ध." चौदाच्या चौदा. जुन्याच्या जागीच सेव्ह.
जाऊबाईंना वाचून दाखवलं. दुसऱ्याच पानावर थांबवलं त्यांनी. "कोल्हा कायले विश्रांती घेईन वं? ह्या माह्या काहन्या नाही. तू तं शाळेतलं पुस्तक वाचून राह्यली."
नितीनला झापलं. तो म्हणे, जुन्या प्रती ठेवणारं सॉफ्टवेअर होतं ना, त्यातून काढू. ते मीच उडवलं, हे त्याला सांगितलं नाही. दुकानदाराने दिलंच नसेल म्हटलं. लाज वाटली, पण म्हटलं.

२५ फेब., बुध.
पाच परत सांगून झाल्या. सहावी सांगताना घसा बसला, पुढे नुसती हवा. बाकी नऊ तशाच, शुद्ध. उद्या नागपूर. पुतण्या गाडी घेऊन पहाटे येतो म्हणाला. 'सुधारणारं' काढून टाकलं. आता काढून काय.

९ मार्च, सोम.
जाऊबाई घरी. ऑप. बरं झालं म्हणतात. महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, आवाजाचं त्यानंतर कळेल. पाटी दिली असती, पण त्या शाळेत गेल्याच नाहीत. मग असं ठरलं : उरलेल्या नऊ मी वाचते, शब्द चुकला की त्यांनी हात वर करायचा. मी सुचवते, त्या मान हलवतात. दुपारभर बरं चाललं. मग 'म्हातारी सावकाश चालत निघाली'. हात वर. जाऊन राह्यली? नाही. हळू हळू गेली? नाही. लंगडत? नाही, नाही. बोटांनी गादीवर चालून दाखवलं त्यांनी, दोन पावलं, थांबा, एक पाऊल. त्या चालीला त्यांच्याकडे शब्द आहे. माझ्याकडे नाही. असले शब्द एकतीस वर्षं पोरांच्या वह्यांतून मीच लाल शाईने खोडले, वर छडीही दिली.
उद्या पुढचं वाचू म्हटलं. त्यांनी हात खाली घेतला नाही.